डिक्शनरी सर आणि माझा ‘टर्ब्युलंट’

आमच्या डिक्शनरी सरांनी उभ्या आयुष्यात कुणाला इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगितला नाही. देवणीच्या शाळेत ते इंग्रजीच शिकवायचे, हे मुद्दाम सांगायला हवं. जाडजूड डिक्शनरी कायम काखेत असायची, पण उघडलेली आम्ही कधी पाहिली नाही. दरवर्षी ते प्रत्येकाला एकेक शब्द वाटून द्यायचे आणि म्हणायचे, "ज्याचा शब्द त्यानं आपल्या घरातून वाक्य आणायचं. अर्थ येतो मागून."

दहावीला माझ्या वाट्याला ‘टर्ब्युलंट’ आला. मी गाईडमधली नदी उतरवून नेली. कोणती नदी, कधी पाहिलीस, असं विचारून सरांनी वही परत केली. मग मी बैलबाजारातला गलबला नेला. बाजार तर संध्याकाळी उठतो, सर म्हणाले. माझं डोकंच चालेना.

त्याच सुमारास सहामाहीत मी पहिली आले आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर केलं की पोरगी लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला जाणार. गल्लीभर पेढे वाटले. मला भाषा शिकायची होती, पण विचारलं कुणी? मी वहीत लिहिलं, ‘माय हाउस इज टर्ब्युलंट.’

सर वही घेऊन थेट घरी आले. दादा चक्रावले.

"सर, आम्ही तर पेढे वाटायलोत. ह्याचा अर्थ काय?"

"शब्द तिचा हाय. तिलाच इचारा."

मला रडूच फुटलं. "दादा, तुम्ही समदे खूश, अन् मी सांगू का नगं करत रातभर जागी. मला न्हाई व्हायचं डॉक्टर."

 तिसऱ्या दिवशी जेवता जेवता दादा म्हणाले, काय शिकायचं ते शीक.

आता मी लातुरात इंग्रजी शिकवते. मागच्या वर्षी सर गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ती डिक्शनरी माझ्या हातात ठेवली. मी ती पहिल्यांदाच उघडली. ‘एस’पाशीच संपत होती, पुढची पानंच नव्हती. जुन्या बाजारातून आणली तेव्हापासून अशीच आहे, काकू म्हणाल्या.

म्हणजे सरांना माझ्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता की नव्हता? मला अजून कळत नाही. कधी हसू येतं, कधी रागही येतो, आणि आठवण तर फार येते. परवा वर्गात एका मुलीनं ‘टर्ब्युलंट’चा अर्थ विचारला. खवळलेला, अशांत, सगळं जिभेवर आलं होतं. तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या घरी काय चालू हाय?"