सोळाव्या रेच्याचा थंड आकडा

संशय हा माझा जुना रोग. पण कंपायलरवर मी जितका संशय घेतला, तितका सख्ख्या मेहुण्यावरही घेतला नसेल.

नव्वदीच्या दशकात आदिलाबादच्या एका जिनिंग मिलमध्ये मी कंप्युटर सांभाळायचो. कापसातून सरकी काढणारे सोळा रेचे होते. रेच्याचं बेअरिंग तापलं की कापूस पेटतो, म्हणून प्रत्येक बेअरिंगला तार जोडून तापमान स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिला. सोळा रेच्यांचे आकडे ठेवायला मेमरीत सोळा खण. तर कंपायलर, म्हणजे माझा प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा, दर वेळी बजावायचा, तुझा हात खणांच्या बाहेर जातोय. जात नव्हता! मी तीनदा कागदावर मोजलं. सोळाच्या पुढे जाऊ नये म्हणून वरच्याच ओळीत मी आडकाठी घातली होती, ती त्या शहाण्याला दिसत नव्हती.

मॅनेजरने ती सूचना वाचली. "मशीन खोटं काऊन बोलंन? तुमचंच काई चुकून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी मालक बघायला येणार होते. मलाही वाटू लागलं, सी शून्यापासून मोजते, तिथेच आपण फसलो असू. मी मोजणी एका खणाने आखूड केली. सूचना गेली. सोळावी तार एकदा तपासावी, असं मनात आलं होतं. तपासली नाही.

म्हातारे मिस्त्री पूर्वी उलट्या हाताने बेअरिंग चाचपत फिरायचे. माझी स्क्रीन आली आणि त्यांची फेरी बंद झाली. आठवड्याभराने ते माझ्या खोलीत आले.

"बाबू, सोळाव्याचा जळका वास येऊन राह्यला."

मी स्क्रीन दाखवली. सोळाव्यासमोर थंड आकडा होता. म्हाताऱ्याला माझं यंत्र सलतंय, अशी मला शंका आली. "भास झाला असेल," मी तोडून टाकलं.

तरी ते सोळाव्याकडे गेलेच. कापूस धुमसत होता. आग पसरू नये म्हणून त्यांनी तो हातानेच ओढून काढला. पंजा भाजला. मी मोजणी आखूड केल्यापासून प्रोग्रॅम पंधराव्या तारेवरच थांबत होता आणि स्क्रीनवरचा तो आकडा हललाच नव्हता.

दवाखान्यातून पट्टी बांधून आल्यावर त्यांनी विचारलं, "बाबू, आकडा खोटा हाय, हे तुमाले ठाव होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. तसेच मॅनेजरकडे गेले आणि सांगून आले, बाबूचा काही दोष नाही. माझी नोकरी वाचली. मिस्त्रींना मात्र त्या हाताने पुन्हा पाना धरता आला नाही.