नक्कोमामांचा समुद्र

मामांना काहीही विचारा, पहिलं उत्तर ‘नक्को’. चहा? नक्को. पंखा लावू? नक्को. मग तोच चहा प्यायचे आणि पाणचट झाला म्हणून मामीला बोलायचे. अख्खा मलकपेठ मोहल्ला त्यांना नक्कोमामा म्हणे. कॉलेजसाठी आणि पुढे नोकरी लागल्यावरही, अशी पाच वर्षं मी त्यांच्याकडे राहिले आणि खरं सांगते, तेव्हा मला ते अजिबात आवडले नाहीत.

मामा स्वतः सरकारी हापिसात, आणि सरकारी नोकरीवर मात्र त्यांची श्रद्धा. शहरात नव्या कंपन्या येऊ लागल्या तेव्हा मी बँकेची परीक्षा सोडून एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी धरली. “हौ, जा! आज काचेची इमारत है, उद्या कुलूप दिसंल,” मामा कडाडले. “तुमचं हापिस तर उघडंच असतं, काम कोण करतं तिथं?” मीही म्हटलं. झालं! दोन महिने एका छपराखाली अबोला.

तो मिटावा म्हणून मामीने विशाखापट्टणच्या एका लग्नाला जोडून समुद्रावर जायचा घाट घातला. कोळ्यांच्या वस्तीपलीकडचा खडकाळ किनारा, चिटपाखरू नव्हतं. आम्ही तिघंही समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. पाणी म्हणजे तलावाचं, जागच्या जागी राहणारं, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून पार आतल्या खडकावर जाऊन पुऱ्या खाल्ल्या. तिथेही मामा मामीलाच म्हणाले, “तिला सांग, लोणचं नक्को.”

जेवून मामी आणि मी वस्तीतल्या नळावर हात धुवायला आलो. मामा मागून येत असतील असं वाटलं. वळून पाहते तर ते परत त्याच खडकावर, आणि चहूकडे पाणी चढलेलं. नळापाशी जाळं सांधत बसलेली एक कोळीण “ए पेद्दय्या, रा! रा!” असं तेलुगूत म्हाताऱ्याला ‘ये, ये’ म्हणून ओरडत कमरेएवढ्या पाण्यात शिरली. मामा हात झटकत होते, “नक्को! नक्को!” तिने मनगट धरून त्यांना ओढतच आणलं. चष्मा गेला होता, पँट गळत होती. किनाऱ्यावर जमलेली वस्ती हसली. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. दोन महिन्यांचा राग त्या हसण्यात होता.

बसथांब्यावर मामांनी ओल्या शर्टाआतून माझ्या चपला काढल्या आणि माझ्या पायांशी ठेवल्या. खडकावर विसरून मी तशीच अनवाणी आले होते.

मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. चपला घालून मी बसमध्ये दूरच्या सीटवर जाऊन बसले. त्यानंतर मामा माझ्याशी कधी भांडले नाहीत. मी वेगळी राहू लागल्यावर सणाला घरी गेले की मामा विचारायचे, “बरी आहेस ना?” पाहुणीला विचारतात तसं. ते वारले तोवर मी माफी मागितली नाही. तो प्रश्न मला आजही शिवीसारखा लागतो.