रेवणसिद्धाचं भुयार
शुक्रवार पेठेतला रेवणसिद्ध टांगेवाला वीस वर्षं लोकांना सोलापूर दाखवत होता. स्टेशनावर गाडी लागली की तो परगावचा माणूस बरोबर हेरायचा. आधी सिद्धेश्वराचं देऊळ, मग तळ्याकाठचा भुईकोट किल्ला. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण जीभ मराठीत नि कानडीत सारखीच सुटायची. किल्ल्यातल्या एका पडक्या कमानीपाशी आला की आवाज खाली आणून तो सांगायचा, "हितनं भुयार थेट विजापूरला जातं. सरदार घोड्यावरनं जायचे." ऐकणारे तोंडात बोट घालायचे. ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली ते त्यालाच आठवत नव्हतं.

त्याची बायको बसव्वा चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी ती किल्ल्यात कधी गेली नव्हती. तिनं कधी म्हटलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही.

चौऱ्याहत्तर साली, उन्हं तापायच्या आधी, अकलूजच्या महिला मंडळाच्या तीन बायका एसटीनं आल्या. पुढारी होत्या पारूबाई, पेन्शनीतल्या शिक्षिका. टांगा ठरवताना त्या रेवणसिद्धाला म्हणाल्या, "आम्ही सगळ्या बायकाच. सोबत एखादी इथली बाई असती तर बरं झालं असतं."

सवारी हातची जाऊ नये म्हणून रेवणसिद्धानं टांगा घरावरनं घेतला. बसव्वाला सुट्टी होती.

"चल, लुगडं बदल. किल्ल्यात जायाचं हाय."

"मी? कशाला?"

"बायकांच्या सोबतीला. निस्तं गप चालायचं."

बसव्वा गप चालली. किल्ल्यातल्या जुन्या देवळाचे कोरीव खांब तिनं हात लावून बघितले, खंदकात वाकून बघितलं. कमानीपाशी रेवणसिद्धानं आवाज खाली आणला आणि सरदार निघाले. बसव्वा पुढं झाली.

"अवो, तुमी आत गेलाय का कदी?"

"आत कसा जाणार? अंधार हाय लई."

कमानीचं तोंड जेमतेम कमरेएवढं होतं. बसव्वानं पदर खोचला, पारूबाईंनी देवळात उदबत्ती लावायला आणलेली काडेपेटी घेतली आणि कुणी काही म्हणायच्या आत रांगत शिरली. बाहेर सगळे उभे. रेवणसिद्ध वाकून आत बघू लागला. थोड्या वेळानं ती मागं सरकत बाहेर आली, कोपरं मातीनं भरलेली.

"चार हातावर भिंत हाय. वाट न्हाय."

बायका हसल्या. पारूबाई हसल्या नाहीत. त्यांनी रुमालानं तिची कोपरं पुसली.

बायकांना एसटीवर सोडून रेवणसिद्धानं टांगा घरी आणला. घोडा सोडता सोडता तो भडकला. "चारचौघीत अब्रू घेतलीस माझी!"

"तुमची अब्रू घ्यायला न्हाय गेले मी," बसव्वा म्हणाली. "माजं माहेर विजापूरकडं. लगीन झाल्यापास्नं तुमच्या तोंडनं त्या भुयाराचं ऐकत आले. वाटायचं, वाट खालनं तर खालनं, पर हाय. आज बघावं म्हनलं."

रेवणसिद्धानं घोड्यापुढं वैरण टाकली. तिची आई वारली तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, बसव्वा माहेरी गेली नव्हती. तिनं दोनदा विषय काढला होता. दोन्ही वेळा त्यानं सवारीचं निमित्त सांगितलं होतं.

पुढच्या सोमवारी त्यानं टांगा जुंपलाच नाही. दोघं सकाळच्या विजापूर गाडीत बसली. तिच्या भावाकडं चार दिवस राहिली. बहीण-भाऊ कानडीत भांडले, रडले, जेवले. एक दिवस भावानं दोघांना गोलघुमट दाखवला. रेवणसिद्ध गाईडच्या मागून मुकाट्यानं चालत होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच दुसरं कुणीतरी त्याला काही दाखवत होतं.

परत आल्यावर सरदारांची गोष्ट त्यानं सोडून दिली. पुढं रिक्षा वाढल्या आणि ऐंशी सालाच्या आतच त्याचा टांगा बंद झाला. बसव्वाकडं मात्र सुट्टीच्या दिवशी बायकांची मंडळं तिच्यासोबत किल्ला बघायला येत राहिली. पारूबाईंनी तिचा पत्ता चार गावांत दिला होता.