तुमच्याच डब्यातलं पेट्रोल

माझ्याकडे तीन जुन्या चेनसॉ आहेत. "झाड एक नाही, करवती तीन," असं बायको पाहुण्यांना सांगते आणि वाघोलीतल्या आमच्या सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीकडे बोट दाखवते. बोलू दे. बंद पडलेलं इंजिन पुन्हा फुरफुरलं की मला जो आनंद होतो, तो तिला कळायचा नाही.

चौथी मात्र माझी नव्हती. इथल्याच जुन्या गावातल्या एका मामांनी आयुष्यभर झाडं तोडली होती. मशीनचे हादरे सोसून त्यांची बोटं बधिर झाली होती. त्यांनी आपली पहिलीवहिली चेनसॉ माझ्याकडे आणून दिली, सोबत पेट्रोलचा डबा. "तेल मिसळलंय मी ह्यात. चालू झाली तर एकदा आवाज ऐकवा," म्हणाले. महिनाभर खपून मी ती चालू केली. आता मला प्रेक्षक हवे होते.

वादळात सोसायटीतला गुलमोहर आडवा झाला आणि ते मिळाले. मामांना बोलवावं, हे मनातही आलं नाही. दोन फांद्या कापल्या, लोकांचे मोबाइल निघाले आणि टाकी संपली. डबा वर घरात होता. शेजाऱ्याने डिकीतली पेट्रोलची बाटली पुढे केली, मी ती ओतली. या इंजिनांना पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन तापून अडकतो. हे मी स्वतः दहा जणांना शिकवलेलं आहे. पाचेक मिनिटं चेनसॉ झकास चालली, मग किंचाळून थांबली. दोरी ओढली, हलेना.

चेनसॉ चालू झाल्याचं कुणाकडून तरी कळून दुसऱ्या दिवशी मामा धुतलेला शर्ट घालून आवाज ऐकायला आले. जाम झाली म्हटल्यावर त्यांनी प्लग काढून भोकातून आत पाहिलं.

"बिनतेलाची चाललीय ही. पेट्रोल कुठलं घातलं?"

"तुमच्याच डब्यातलं."

मी अडखळलोसुद्धा नाही.

मामा जमिनीवरच बसले. "मग माझ्याच हातनं तेल राह्यलं असंल. सून म्हनतीच, इसरायला लागलाय तुम्ही." त्यांनी हात जोडले. "साहेब, तुमची म्हेनत वाया घालवली. माफ करा."

"असू द्या, मामा," मी म्हणालो. म्हणजे मी त्यांना माफ केलं! हे लिहितानाही कान तापतात.

पंधरा दिवस मला धड जेवण गेलं नाही. शेवटी खरं सांगायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात एक झाडं तोडणारा डबा घेऊन आला. आसपासचे सगळे तेल मामांकडूनच मिसळून घेत, हे मला तेव्हा कळलं. मामांनी डब्याला हात लावला नाही.

"माझा मलाच भरवसा नाय राह्यला, बाबा. ह्या साहेबांना दे. ह्यांचं काम चोख हाय."

त्याने डबा माझ्यापुढे धरला. मी तो घेतला, आणि खाली मान घालून तेल मोजायला लागलो.