ब्रेकच्या डबीतल्या अक्षता

आमची मोटार आता जुनी झाली आहे. शेवगावातील आमच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या बाजूला ती उभी असते. उत्तरीय सावरून मी तिच्यात चालकाच्या आसनावर बसलो होतो आणि चिरंजीव बॉनेट उघडून आत वाकले होते. ब्रेकमधील हवा काढायची होती. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींना डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नगरला न्यायचे होते. परतताना करंजीचा घाट उतरावा लागणार होता.

"बाबा, जरा खाली उतरा," चिरंजीव म्हणाले. आवाज निराळा होता.

ब्रेक ऑइलची डबी मळून अपारदर्शक झाली होती. त्यांनी झाकण काढून विजेरी धरली. मी चष्मा सारखा केला. तळाशी, काळपट तेलात, तांदळाचे दाणे होते. काहींवर अजून कुंकवाचा रंग होता.

अक्षता!

सौभाग्यवती ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारले, "काय सापडलं?"

"आई, ह्यात तांदूळ कुणी टाकले?"

"मी. दसऱ्याला. आणि पळीभर तीर्थ."

"तीर्थ? ह्यात?"

"मग? गाडीची पूजा करायची आणि तिच्या मुखात काही घालायचं नाही? पेट्रोलच्या टाकीत पाणी चालत नाही, एवढं कळतं मला. म्हणून हे छोटं झाकण उघडलं."

"ह्या दसऱ्याला?"

"दर दसऱ्याला."

चिरंजीव मटकन पायरीवर बसले. ते पुण्याला नोकरीस असतात. दसऱ्याची पूजा आम्ही दोघेच करतो. मंत्र मी म्हणत असे, उपचार त्या करीत. डोळे मिटलेले असल्याने तीर्थ कोठे जाते, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

"आई, घाटात ब्रेक तापतो. तेल उकळत नाही, पण त्यातलं पाणी उकळतं. त्याची वाफ झाली की पेडल नुसतं खाली जातं." मग ते माझ्याकडे वळले. "परवा डोळे तपासून येताना तसंच झालं होतं. पुन्हा पुन्हा दाबल्यावर कसाबसा ब्रेक लागला. तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही."

परवा त्या घाटात मी मोठ्याने स्तोत्र म्हणत होतो. मागे नात आजीच्या मांडीवर झोपली होती.

सौभाग्यवतींच्या हातातील वात तशीच राहिली. मग त्या उठून गाडीपाशी आल्या आणि त्या डबीत वाकून पाहू लागल्या. ज्या हाताने त्यांनी आमचे रक्षण मागितले, त्याच हाताने हे घडावे, याचा अर्थ मला लागेना. अद्याप लागलेला नाही.

डबी रिकामी करून, पुसून चिरंजीवांनी तीत नवे तेल भरले. मी पुन्हा चालकाच्या आसनावर बसून ब्रेकवर पाय ठेवला आणि ते मागच्या डाव्या चाकापाशी आडवे झाले. चाकामागच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडले.

"दाबा. धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडू नका, नाहीतर हवा परत आत जाईल... हं, आता सोडा."

नळीतून गढूळ, तांबूस पाणी तेलासह आले, मग बुडबुडे, मग पुन्हा गढूळ. एकेक चाक करीत स्वच्छ तेल येऊ लागले, तेव्हा पेडल पायाखाली दगडासारखे घट्ट लागले. तरीही चिरंजीवांचे समाधान होईना. गावातल्या मेकॅनिकला दाखवून, चाचणी घेऊन मगच त्यांनी उद्याचे निघणे पक्के केले.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. परतताना घाटमाथ्यावर, एका डोळ्यावर पट्टी असलेल्या सौभाग्यवतींनी गाडी थांबवायला सांगितली. पिशवीतून तीर्थाची लहान बाटली काढली. आम्ही दोघेही दचकलो.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "हात पुढे कर रे. चालवणाऱ्याच्या मुखात तरी चालतं ना?"

चिरंजीवांनी हसत तीर्थ घेतले आणि गाडी उतारावर घातली. वळणामागून वळणे गेली. ब्रेक दर वेळी लागत होता, हे मला दिसत होते. पायथ्याशी आल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. माझ्या बाजूला पेडल नव्हते. तरी माझा उजवा पाय गाडीच्या तळावर जीव खाऊन रोवलेला होता.

"बाबा," ते म्हणाले, "आता सोडा."