शेगडीकाका दोनदा उभे राहिले

शेगडीकाकांचं खरं नाव चर्चच्या पाळकांनाही आठवून पाहावं लागे. उभी हयात कोळशाच्या खाणीत गेली, आणि खाण सुटल्यावर चर्चमधली ती धुराडं लावलेली लोखंडी शेगडी पेटवायचं काम त्यांनी आपणहून गळ्यात घेतलं. हिवाळ्यात रविवारी मंडळी यायच्या आत शेगडी लालबुंद झालेली असायची. तिच्याच शेजारी, शेवटच्या बाकावर, काका खोकत बसायचे. त्यांची मुलगी शाळेत शिकवायची. ती पहिल्या बाकावर. आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं ‘जेवलात का’पुरतं उरलं होतं.

चर्चकडे फार जुने, त्याच खाणकंपनीचे शेअर होते. ते विकून टाकावेत असा ठराव मुलीनेच आणला. सृष्टी देवाची, आपण तिचे राखणदार; तेव्हा तिला धुरात घालून मिळणारा हा पापाचा पैसा चर्चला नको, असं त्यात लिहिलं होतं.

या चर्चमध्ये मतं मोजायची पद्धत नव्हती. ज्याला ठराव पटला नाही त्याने उभं राहायचं, आणि शेवटचा उभा माणूस आपणहून खाली बसेपर्यंत ठराव मंजूर नाही. त्याला ओढून बसवायचं नाही. घंटेच्या दोरीच्या वादात एक आजोबा संध्याकाळपर्यंत उभे होते म्हणे, आणि दोरी शेवटी त्यांच्याच पसंतीची आली.

ठराव वाचून झाला आणि काका उठले. एकटेच.

“काका, काय चुकलं?” पाळकांनी विचारलं.

“खाल्ल्या घरचे वासे मोजताय तुम्ही!”

“बाबा, कंपनीचा एवढा पुळका?” मुलगी वळून म्हणाली.

“कंपनी गेली खड्ड्यात! पण तुझी शाळा, तुझ्या आईची औषधं, या छपराची कौलं, सगळं त्या कोळशातनंच आलं ना? तो पैसा पापाचा, तर मग मी कोण?”

मुलीचा चेहरा उतरला. तिने नद्यांचा विचार केला होता, हवेचा केला होता. बापाचा मात्र राहून गेला होता, आणि ते तिला आत्ता, सगळ्यांसमोर कळलं.

“बाबा, तुमचा खोकला ऐकत ऐकतच लिहिलं हो हे मी,” ती म्हणाली. तिने तिथेच ‘पापाचा’ शब्द खोडला आणि नवं वाक्य वाचून दाखवलं: या पैशाने आम्हाला वाढवलं, त्याबद्दल देवाचे आभार, पण त्याने सृष्टीचं काय होतं ते आता कळतंय, म्हणून यापुढे नको.

काका बसले. पाळक ‘मंजूर’ म्हणणार, तोच ते पुन्हा उठले.

“सुंभ जळला तरी पीळ जात नाही,” कुणीतरी पुटपुटलं.

“आणि हिचं काय?” काकांनी शेगडीकडे बोट दाखवलं. “शेअर विकायचे आणि पाठ त्याच कोळशावर शेकायची? आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला! हीपण विझवा.”

आता मात्र अर्धं चर्च उभं राहिलं. शेअर कुणी पाहिले होते? ऊब मात्र सगळ्यांच्या ओळखीची होती. काका हटेनात. हळूहळू, एकमेकांकडे बघत, लोक बसायला लागले. शेवटी ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी तेवढ्या उरल्या. “माझी बोटं आखडतात हो,” त्या म्हणाल्या. काकांनी आपले लोकरी हातमोजे काढले आणि नेऊन त्यांच्यापुढे ठेवले. मावशी बसल्या. मग काकाही बसले.

पुढच्या रविवारी सवयीने काका सगळ्यांच्या आधी आले. करायला काही नव्हतं. थंडगार शेगडी त्यांनी फडक्याने पुसली, उगाचच पुन्हा पुसली. हातांना काम नसलं की माणसाला म्हातारपण कळतं. काकांना ते त्या सकाळी कळलं, आणि वाईट वाटलं.

मंडळी कोट घालूनच बसली. मुलीने मागे वळून पाहिलं, आणि बाकावर थोडी सरकली. काका बराच वेळ जागचे हलले नाहीत. मग उठून पुढे गेले.

“थंडी वाजतेय?” तिने विचारलं.

“वाजतेय की.”

तिने आपली अर्धी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. उपासना सुरू झाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांचा खोकला पहिल्या बाकावरून ऐकू आला.