आधी ‘डू’, मग ‘यू’

दहावीला मी इंग्रजीत नापास झाले आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लागलं. माहेरच्यांनी दोन्ही दुःखं एकदमच उरकली. मला नर्स व्हायचं होतं. पण नर्सच्या ट्रेनिंगला दहावी पास लागे, आणि मी डिंगोऱ्यात सासरच्या रानात खुरपत बसले होते.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेलेला, लिहिता येई ते सहीपुरतं. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म त्यांनीच जुन्नरहून आणला, आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, न विचारता. घरात महाभारत झालं. माझे मालक चाकणला कंपनीत.

माझं घोडं अडायचं ते प्रश्नांपाशी. मराठीत किती सोपं! वाक्य बोलायचं, शेवटी ‘का’ लावायचा, झाला प्रश्न. इंग्रजीत ‘इज’, ‘आर’, ‘कॅन’ असलं काही वाक्यात असेल तर ते उचलून कर्त्याच्या पुढं आणायचं. नसेल तर ‘डू’ नाहीतर ‘डज’ आणायचं कुठूनतरी. आणि ‘डिड’ आणलं की ‘वेन्ट’चं परत ‘गो’ करायचं. कुणी सांगितलाय हा उपद्व्याप? मी वही आपटायचे.

दुपारी मेंढरं सावलीला बसली की मामा ओट्यावर टकळीवर लोकर कातत. एकदा म्हणाले, मोठ्यानं म्हण, मलाबी ऐकू दे. सासऱ्यासमोर मान वर न करणारी मी त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारू लागले. लई लाजले पहिल्यांदा. त्यांनी नियम तेवढा मराठीत समजून घेतला, अर्थाच्या भानगडीत पडले नाहीत. मी ‘यू लाइक मिल्क?’ म्हटलं की टकळी थांबायची.

“पुढचं न्हाई आलं,” म्हणायचे. ‘डू’ राहिलेलं असायचं.

कळपातलं एक मेंढरू कमी असलं की त्यांना न मोजता कळायचं, तसंच हे. आठवड्याभरात ‘डिड यू वेन्ट’लाही अडवायला लागले. मला राग यायचा, खरं सांगते. शाळेत गेलेली मी, आणि माझ्या चुका काढतंय कोण! पण चूक खरीच असायची.

परीक्षेत प्रश्न करायची वाक्यं मी पुटपुटत सोडवली. वर्गावरच्या बाई दोनदा ओरडल्या. निकालाला मामा स्वतः एसटीनं जुन्नरला गेले आणि पेढे घेऊनच परतले. आज माझ्या अंगावर जो पांढरा कोट आहे तो या माणसानं चढवला, हे मी कुणालाही सांगते. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

पुढं ट्रेनिंगला नाव लागलं, पण पुण्यात. हॉस्टेलवर राहायचं. आत्याबाईंनी माझ्याशी बोलणंच टाकलं. मालक म्हणाले, दादांना विचार. वडलांना ते दादा म्हणत. मामा मेंढरांना पाला टाकत होते. मी जाऊन उभी राहिले.

“मामा, मी जाऊ का?”

त्यांनी हातातला पाला खाली ठेवला. “हे ईचारायचं न्हाई, बाई,” म्हणाले. “सांगायचं.”

मला क्षणभर कळेचना. मग रडूच फुटलं. ते वाट बघत राहिले. मी डोळे पुसले आणि घरात आत्याबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “मामा, मी सोमवारी पुण्याला चालले.”